अप्पा हरवला तेव्हा अप्पा कुठं होता?

तिरूकाठचा

परवा लेकीबरोबर ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ परत बघायला घेतली. दुसऱ्या पर्वाचा सोळावा भाग लागला, ‘अप्पाज लॉस्ट डेज’. लेक बाहेरच्या खोलीतून ओरडली, ‘आज्जी, अप्पा हरवला!’ आमच्या घरात अप्पा म्हणजे माझे वडील. माय पिठाचे हात घेऊन तशीच अंगणात पळाली. अप्पा लिंबाखाली बाजेवर पेपर वाचत बसलेले. परत येऊन ती आम्हा दोघांना जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. उदगीरकडं दर दुसऱ्या घरात कुणीतरी अप्पा असतोच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: धाग्यातला अप्पा म्हणजे सहा पायांचा, कपाळावर बाण असलेला, उडणारा बैल. मालिकेत त्याला बायसन म्हणतात. लेकीनं बैल ठरवलंय, मीही बैलच म्हणणार.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आंग नावाचा बारा वर्षांचा पोरगा शंभर वर्षं बर्फात गोठून राहतो आणि बाहेर येतो तेव्हा जग लढाईत बुडालेलं असतं. त्याच्यासोबत बर्फातून निघतो तो हा अप्पा. पहिल्या पर्वभर अप्पाचं काम काय? सगळे पाठीवर चढतात, सामान लादतात, ‘यिप यिप’ म्हणतात, तो उडतो. मधूनमधून जांभई देतो. आपल्या घरच्या ट्रॅक्टरला जेवढा मान असतो तेवढाच त्याला. मग दुसऱ्या पर्वाच्या दहाव्या भागात वाळवंटातलं ग्रंथालय वाळूत खचायला लागतं. आतली माणसं वाचावीत म्हणून आंगची सोबतीण टॉफ, माती-दगड हलवू शकणारी, एकटी तो मनोरा धरून उभी असते आणि तेवढ्यात वाळवंटात राहणारे वाळूवाले अप्पाला दोरखंड टाकून घेऊन जातात. ती आंधळी पोर, दोन्ही हात गुंतलेले. माणसं सोडावीत की बैल? ती माणसं धरून ठेवते.

पुढचे काही भाग हे लोक त्याला शोधत फिरतात. आपण त्यांच्यासोबत. आणि मग सोळाव्या भागात मालिकावाल्यांनी मूळ कथा चक्क बाजूला ठेवली. जवळजवळ सगळा भाग अप्पासोबत. त्याला बोलता येत नाही, मनातलं बोलणंही ऐकू येत नाही. चारेक आठवड्यांत त्याचं काय काय झालं, तेवढंच.

लहानपणी हा भाग मला कंटाळवाणा वाटला होता. कथा पुढं सरकेना म्हणून चिडलो होतो. या वेळी मात्र लेक झोपल्यावर मी एकट्यानं परत लावला. हरवलेल्याची गोष्ट आपण कायम शोधणाऱ्याच्या तोंडून ऐकतो. कुठं कुठं हिंडलो, कुणाकुणाला विचारलं, किती रात्री झोप नाही. जो हरवला त्याची बाजू कुणी विचारत नाही, आणि जनावर असेल तर सांगणार तरी कोण. तुम्हाला हा भाग कसा वाटला?

नानखलिया

मी पहिला!

तुमच्या मातोश्रींना साष्टांग. आमच्या संभाजीनगरात ‘अप्पा हरवला’ म्हणून ओरडलं असतं तर शेजारचे चार अप्पा ‘मी इथंच आहे’ म्हणत बाहेर आले असते.

भाग झकास. पण सर्कसवाल्याला नुसतं उधळून पुढं निघाला याचं मला आजही वाईट वाटतं. सहा पाय दिलेत देवानं, एखादा तरी नीट वापरायचा.

आंबटचुका

मी जरा वेगळं बोलणार, रागावू नका.

या भागात मला कारागिरी दिसते, पण त्यासोबत लबाडीही दिसते. मुक्या जनावराला बावीस मिनिटं छळायचं. आधी चोरी, मग बाजारात विक्री, मग सर्कशीतले आगीचे फटके. तिथून सुटला तर कुणाच्या तरी गोठ्यात निजतो, तर मालक पेटतं लाकूड घेऊन अंगावर येतो. मग ती काट्यांची रानडुकरं. दुःखाची नुसती रांग लावली की प्रेक्षक रडणारच, त्यात लेखकाचं काय मोठेपण? तो मरणार नाही हे सहा वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. माणसाच्या पात्राला एवढं एकामागून एक दिलं असतं तर आपणच ‘अती झालं’ म्हणालो असतो. जनावर म्हणून चालतं.

आणि दुसरं, अप्पाला दुय्यम पात्र म्हणायचं का? पात्र व्हायला काहीतरी निवड करावी लागते. तो फक्त घरी जायला बघतो.

चित्रचौकट

आंबटचुकाताई, निवड तो करतो, त्यावर नंतर येतो. आधी थोडी माहिती, कारण या भागाला स्वतःचा इतिहास आहे.

‘अप्पाज लॉस्ट डेज’ अमेरिकेत निकलोडियनवर १३ ऑक्टोबर २००६ ला दाखवला गेला. मायकेल दांते डीमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्स्को यांची ही मालिका, तीन पर्वं, एकूण ६१ भाग, २००५ ते २००८. प्राण्यांच्या प्रश्नांकडं लक्ष वेधणाऱ्या कामाला अमेरिकेतल्या ह्यूमेन सोसायटी या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून जेनेसिस पुरस्कार दिला जायचा, तो २००७ मध्ये याच भागाला मिळाला. मुलांच्या मालिकेनं मालवाहू जनावराला नायक करणं तेव्हा लोकांच्या नजरेत भरलं होतं.

अप्पाचा आवाज डी ब्रॅडली बेकर यांचा. मोमो, म्हणजे तो उडणारा माकडासारखा लेमूर, त्याचाही आवाज त्यांचाच. या भागात बेकर यांनी काय केलंय ते डोळे मिटून ऐका. भुकेचं गुरगुरणं वेगळं, भीतीचं वेगळं, आणि झोपेत आंग दिसतो तेव्हाचं तिसरंच. एका शब्दाशिवाय.

आणि मांडणी बघा. याच्या आधीचा पंधरावा भाग ‘टेल्स ऑफ बा सिंग से’. त्यात शेवटची छोटी गोष्ट मोमोची. मोमोला बा सिंग से शहरात अप्पाच्या पायाचा ठसा सापडतो आणि पाऊस पडत असताना तो त्या ठशातच अंगाचं मुटकुळं करून बसतो. बस, तिथं भाग संपतो. पुढच्या भागात चार आठवडे मागं जाऊन तो ठसा उमटला कसा हे कळतं. म्हणजे शेवट आधीच दाखवलाय. तो जिवंत शहरापर्यंत पोचणार हे लपवलेलंच नाही. त्यामुळं ‘मरणार नाही हे माहीत असतं’ ही तक्रार इथं लागू पडत नाही. उत्सुकता त्याच्या जगण्या-मरण्याची नाहीच.

एका पात्राला एकटं सोडून भाग करणं त्यांनी याच पर्वात आधीही केलं होतं, सातव्या भागात, आंगला पकडायला निघालेला राजपुत्र झुको याच्याबरोबर. पण झुको बोलतो.

बालाघाट

मी पाटोद्याकडचा. ह्या भागाचं मव्हं वेगळंच झालं.

आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला गाडी जुंपायची अन् कारखान्याला निघायचं ते पार उन्हाळा तोंडावर आल्यावर परत. मी आज्जीकडं. शेजारच्या काकाच्या टीव्हीवर कार्टून बघायचो. ह्या भागात अप्पा त्या काटेवाल्या डुकराशी भिडला, अंगात काटे घुसले, अन् लाईट गेली. लोडशेडिंग. आली तवा दुसरंच काहीतरी चालू होतं. पुढचे भाग बघायला मिळाले न्हाईत, कारण काकानं रिचार्ज मारलं नव्हतं.

तर मला कैक वर्षं वाटायचं का अप्पा तिथंच मेला. कुणाला विचारलं बी न्हाई. कॉलेजला आल्यावर रूमवर एकानं सगळी मालिका लावली तवा कळलं का पुढं पोरी येतात, काटे काढतात. मी उठून भाईर गेलो. पोरं म्हणायली, काय झालं रे. काय सांगावं?

आमचे बैलं बी आईबापासंगच जायचे ना. फोनवर आईला आधी विचारायचो, बैलं बरे हाईत का. आई म्हणायची, ‘मेल्या, मायबापाचं इचार की आधी.’

पुरणाची_आमटी

बालाघाट लेकरा, तुझं वाचून डोळ्याला पदर लावला बघ. मी नातवाच्या नादानं ही मालिका पाहिली. आधी मला ते सगळे सारखेच दिसायचे. हा बैल मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचा.

ते लहानपणचं दाखवलंय ना, आंग त्या मठात जातो आणि पिल्लाला सफरचंद देतो, तिथली बाई सांगते की हा जन्माचा सोबती आहे. आमच्याकडं खांद्याला लोणी-हळद चोळून बैलाच्या कानात सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ सोबत कबूल करायची ती त्याच्या कानात करायची, माणसांसमोर नाही. माझे सासरे ते इतकं हळू म्हणायचे की आम्हाला कधी ऐकू आलं नाही.

डॉ_खूर

जनावरांचा डॉक्टर आहे, परभणीत शिकलो, सध्या नोकरी सीमेलगतच्या तालुक्यात. धागा वाचून भाग मुद्दाम पाहिला. कार्टून म्हणून हसत बसलो होतो, पण मधे सरळ झालो.

क्योशी बेटावरच्या त्या पोरी, सुकी आणि तिच्या मैत्रिणी, जखमी अप्पाला गाठतात तो प्रसंग. तो बिथरलेला. सुकी अंगावर धावत नाही. थांबते, त्याला बघू देते, मग हळू बोलत पुढं होते. शिकाऊ पोरांना मी हेच सांगून दमलो. गाय-बैलाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळं त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त ऐन पाठीमागचं दिसत नाही. बिथरलेल्या जनावराकडं मागून गेलात की लाथ ठरलेली. दिसेल असं, आवाज देत, बाजूनं जायचं. ज्यानं हा प्रसंग रेखाटला त्यानं कधीतरी गोठ्यात वेळ काढला असणार.

एक मात्र खटकलं. सर्कशीत उपाशी ठेवतात आणि सुटल्यावर मिळेल ते चापतो. रवंथ करणारं जनावर बरेच दिवस उपाशी असेल आणि एकदम धान्याच्या राशीवर तुटून पडलं तर पोटात आम्लता होऊन जागेवर बसतं. दुष्काळातल्या चारा छावण्यांच्या दिवसांत असली प्रकरणं पाहिलीत. आधी वैरण, तीही थोडी थोडी. उडणाऱ्या बैलाला चालत असेल म्हणा.

नानखलिया

डॉक्टरसाहेब, सहा पायांच्या जनावराला लस किती ठिकाणी देता?

डॉ_खूर

मानेवरच. पाय मोजत बसत नाही.

बालाघाट

एक गोष्ट बोलायची ऱ्हायली. अकराव्या भागात वाळवंटात ते वाळूवाले सापडतात, तवा टॉफ त्यांच्यातल्या घाशियुन नावाच्या पोराचा आवाज वळखती. तो म्हणला होता अप्पाच्या तोंडाला मुसकं बांधा. हे आयकलं अन् आंगचं डोकं सटकलं. डोळे पांढरे, वादळ, सगळे घाबरले. चोरलं त्याच्यावर राग होताच, पण मुसकं म्हणल्यावर पार गेला.

आता आपल्याकडं कोळपताना मुसकं बांधतातच की. पिकाला तोंड लागू नये म्हणून. मव्ह्या बापानं सुतळीचं विणलेलं अजून खुंटीला हाय. मला आधी कळंना, एवढं काय चिडायचं? मग वाटलं, आपण बांधतो ते दोन तास, अन् सोडल्यावर बांधावर चारतो. ह्यांनी त्याला हाक मारू नये म्हणून बांधलं.

आंबटचुका

बालाघाट, ‘हाक मारू नये म्हणून’ हे मला सुचलं नव्हतं. लिहून ठेवलं.

वाळूवाल्यांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून विचारते. ते दुष्ट आहेत का? वाळवंटात राहणारी माणसं, हाती काही नाही, समोर एवढं मोठं जनावर उभं. विकलं तर वर्षाची बेगमी. मी चोरीची बाजू घेत नाही. पण मालिकेनं त्यांना एवढं थोडक्यात आटोपलं हे मला पटत नाही. घाशियुनच्या बापाला, शा-मोला, पोराचं कृत्य माहीत नसतं, तो खजील होतो, तेवढंच. दुष्काळी भागात राहून मला त्या लोकांचीच गोष्ट ऐकायची होती. जनावर विकणारा कोण असतो ते आपल्याला माहीत आहे.

आणि माझा मूळ मुद्दा तसाच आहे. हा भाग रडवण्यासाठी बांधलाय.

तिरूकाठचा

ताई, तुमच्या दोन्ही मुद्द्यांवर दोन दिवस विचार करत होतो. उत्तर म्हणून नाही, पण एक सांगतो. धागा काढताना हे लिहायचं नव्हतं.

आमच्याकडं एक बैलजोडी होती, देवणी जातीची. देवणीत तीन प्रकार सांगतात: वानेरा, बालंक्या, शेवरा. आमचा हिऱ्या वानेरा, अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं. जोडीदार आदल्या वर्षीच गेला होता. २०१६ चा उन्हाळा लातूर जिल्ह्यातल्या कुणालाही सांगायला नको. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, तिचे फोटो देशभर छापून आले. आमचं त्याच्या दोन महिने आधीच आटोपलं होतं. बोअर कोरडं गेलं, त्याचे पैसे अंगावर. कडब्याचा शेकडा विचारायची सोय राहिली नव्हती. अप्पांनी हिऱ्याला हाळी-हंडरगुळीच्या बाजारात नेला. घेणारा पलीकडचा, बिदरकडचा. मी सोबत नव्हतो, परीक्षा होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायनं दार उघडलं तर हिऱ्या फाटकाशी उभा. गळ्यात तुटकं दावं, एका गुडघ्याला खरचटलेलं. रात्रभर चालला असणार. मायनं टँकरच्या पाण्यातली एक घागर त्याच्यापुढं ठेवली. माणसांना मोजून मिळत होतं तेव्हा. अप्पा काही बोलले नाहीत. आत जाऊन बसले.

दुपारी घेणारा टेम्पो घेऊन आला. माणूस चांगला होता, आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, ‘व्यवहार झालाय, अप्पा.’ पैसे बोअरवाल्याला देऊन झाले होते, परत कुठून करणार. हिऱ्या टेम्पोत चढेना. फळी लावली, ओढलं, मागून रेटलं. तो वळून वळून गोठ्याकडं तोंड करायचा.

अप्पा काही साधुसंत नाहीत. नांगराला पराणी टोचायचे, शिव्या द्यायचे. पण त्या दिवशी त्यांनी चाबूक घेतला आणि त्याच्या तोंडावर मारला. तोंडावर आमच्याकडं कुणी मारत नाही. तीन-चार वेळा. आणि ओरडले, ‘जा! जा म्हणलं ना!’ हिऱ्या मागं सरला, मग चढला. परत आला नाही.

आता तो भाग आठवा. सुकीनं काटे काढले, धुतलं, खाऊ घातलं, आणि तेवढ्यात झुकोची बहीण अझुला चाल करून येते. अप्पा सुकीला सोडून जाईना. उलट मधे उभा राहतो. चित्रचौकट म्हणाले ती निवड हीच असावी. मग सुकी काय करते? पेटतं लाकूड उचलते आणि त्याच्याच अंगावर धावून जाते. सर्कशीनंतर त्याला आगीचं भय बसलंय हे तिला तेवढ्यात कळलेलं असतं. ‘जा, आंगला शोध’ म्हणून ओरडते. तो घाबरून उडतो.

रडवायला बांधलाय म्हणता, असेल. मला तिथं रडू आलं नाही. मी रिमोट हातात घेऊन नुसता बसलो. आजवर मी अप्पांच्या त्या चाबकाकडं हिऱ्याच्या बाजूनंच बघत होतो. दहावीच्या वयाचा होतो, चार महिने अप्पांशी नीट बोललो नव्हतो.

बालाघाट

…

पुरणाची_आमटी

देवा.

आंबटचुका

तिरूकाठचा, यावर वाद घालणार नाही.

पण सुकीनं आग उचलली ती अप्पाला वाचवायला, आणि तुमच्या अप्पांना ती सोय नव्हती. हिऱ्या जिथं चालला होता तिथं चांगलं होणार की वाईट हे त्यांना कुठं माहीत होतं? सुकीला निदान ‘आंगला शोध’ म्हणता आलं. हा फरक मला मोठा वाटतो, आणि मालिकेपेक्षा तुमची गोष्ट कठीण आहे ती तिथं.

‘रडवण्यासाठी बांधलाय’ हे सुकीच्या प्रसंगापुरतं मागं घेते. त्यापुढचा गुरू पथिकचा भाग मात्र मला अजूनही सोपा वाटतो. पूर्वेकडचा हवामठ, एकटा म्हातारा, तो अप्पाच्या अंगावर हात ठेवतो आणि सगळं शांत. चार आठवड्यांच्या मारहाणीचं भय असं दोन मिनिटांत निघत नाही. डॉक्टर सांगतील.

डॉ_खूर

निघत नाही. एकदा चटका बसलेला बैल पुढं कित्येक महिने चुलीच्या धुराला बुजतो. मात्र ओळखीच्या माणसाच्या आवाजाला कान टवकारतो, हेही तेवढंच खरं. माणसं वेगवेगळी ओळखायला त्यांना जमतं.

बाकी त्या गुरूला मी माफ केलंय. नाव पथिक ठेवलंय आणि बसलाय एकाच डोंगरावर.

नानखलिया

आणि पुढं ‘द गुरू’ भागात तो कांदा-केळ्याचा रस पितो. शिकरणाचा असा अपमान मी दुसरीकडं पाहिलेला नाही. चक्रं वगैरे शिकवतो ते ठीक, पण कांदा?

अवांतराबद्दल क्षमस्व. तिरूकाठचाचं वाचून काय बोलावं सुचेना म्हणून.

चित्रचौकट

एक निरीक्षण नोंदवून ठेवतो. गुरू आंगसाठी चिठ्ठी अप्पाच्या शिंगाला बांधतो आणि त्याला वाट दाखवतो. अप्पा बा सिंग सेला पोचतो, आता भेट होणार असं वाटतं, आणि तिथला कारस्थानी अधिकारी लाँग फेंग याच्या सापळ्यात जमिनीखाली जातो. ठसा तेवढा वर उरतो. सुटका सतराव्या भागात, ‘लेक लाओगाई’त. तीही आंगच्या हातून नाही. झुको त्याला स्वतःसाठी पळवायला जातो, तिथं काका आयरो त्याला अडवून विचारात पाडतो आणि झुको साखळ्या तोडतो. ज्याच्यापासून अप्पा पहिल्या पर्वभर पळत होता, त्यानंच सोडवलं.

वाळूवाल्यांपासून झुकोपर्यंत मोजलं तर अप्पा कितीतरी हातांतून गेला. चांगले हात कमी, पण त्यातल्या कुणीही त्याला ठेवून घेतलं नाही. सर्कशीत त्याला जीव लावणाऱ्या पोरानं नाही, सुकीनं नाही, गुरूनं नाही. आंबटचुकाताईंनी ‘दुःखाची रांग’ म्हटलं होतं ते मी मान्य करतो, पण त्या रांगेत हे जोडकाम आहे.

आंबटचुका

हे जोडकाम दिसलं नव्हतं. परत बघते. शनिवारी, लाईट असली तर.

नानखलिया

धाग्याला टाळं लावू नका हो कुणी. वाचनखूण साठवली आहे.

तिरूकाठचा

धागा वर काढतोय. चार महिने झाले.

काल कारहुणवी झाली. आमच्या सीमेकडं पोळ्याच्या आधी ज्येष्ठी पौर्णिमेलाही बैल सजवतात. आमच्याकडं बैल नाही आता, भाड्याचा ट्रॅक्टर येतो. माय मातीचे दोन बैल करून पाटावर मांडते, लेकीनं या वेळी एकाला सहा पाय लावले. माय म्हणाली, असू दे.

रात्री लेकीनं तोच भाग लावला आणि अप्पांना ओढून शेजारी बसवलं. मी मुद्दाम स्वैपाकघरात गेलो. अप्पा कार्टून बघत नाहीत, पाच मिनिटांत उठतील असं वाटलं होतं. उठले नाहीत. सुकी पेटतं लाकूड घेऊन धावते तिथं मी दाराआडून बघत होतो. ते हललेसुद्धा नाहीत.

भाग संपला. लेक त्यांना समजावत होती की काळजी करू नका, बैल पुढच्या भागात सुटतो, मालकाला भेटतो, गळ्यात पडतो. अप्पा ‘हं, हं’ करत होते. मग म्हणाले, ‘अन् त्या पोरीचं काय झालं?’

लेकीला कळेना कुठली पोरगी. ‘ती लाकूडवाली. बैल तर गेला उडून. तिचं काय झालं पुढं?’

लेकीनं माझ्याकडं पाहिलं. मलाही पटकन आठवेना, खरं सांगतो. मोबाईलवर बघावं लागलं. सुकी तिसऱ्या पर्वात सापडते, चौदाव्या भागात, उकळत्या तळ्यामधल्या कैदखान्यात. अझुलाच्या हाती लागल्यापासून ती कैदेतच होती.

हे सांगितलं तर अप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग चष्मा पुसून परत लावला आणि लेकीला म्हणाले, ‘ते लाव.’

अकरा वाजून गेले होते. लावलं.